सातपाला आणि साधं पाणी

१७ ऑगस्ट, रविवार

सूनबाईने आज जेवणाच्या ताटावर माझ्या आजोबांचा अपमान केला. तिला तसं वाटत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

विषय बाळाचा निघाला. सप्टेंबरअखेर क्षमाचे दिवस भरतात. मी सहज म्हणालो की पहिल्या आंघोळीचा सातपाला मी स्वतः करीन. सातपाला म्हणजे आमच्या घराण्याचा काढा. कडुनिंब, निर्गुडी, करंज, सीताफळ असा सात झाडांचा पाला उकळायचा, आटवायचा, गाळायचा. आजोबांनी तो वर्ध्याला सुरू केला, बाबांनी रायपूरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आणला, मी रायपुरातच, शंकर नगरात चालवतो. खरूज, घामोळं, कापलं, खरचटलं, कशावरही लावा. घरातल्या प्रत्येक मुलाची पहिली आंघोळ त्यातच झालेली आहे.

क्षमा भातावर तूप घेत म्हणाली, "बाबा, टेस्ट झाल्याबिगर मी माझ्या बाळाले काहीच लावू देणार नाही."

ती तेलीबांध्याला एका प्रयोगशाळेत काम करते. औषधाने जंतू मरतात का आणि औषधाने माणूस मरतो का, या दोन्ही गोष्टी ते लोक तपासतात.

"अभिनवले काय झालं?" मी विचारलं. "चार वर्षांचा होईपर्यंत रोज सातपाल्यानं आंघोळ केली त्यानं. विचार त्याले."

अभिनव मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "पापा, मुझे मत घसीटो." माझ्या मुलाला मराठी सगळं समजतं, फक्त तोंडातून निघत नाही.

लहानपणी मात्र त्याचं तोंड चांगलं चालायचं. आंघोळीला बसवला की पोट्टा असा वरचा सा लावायचा की समोरच्या क्वार्टरमधले लोक खिडकीत येत. तो गळा पाहून आम्ही त्याला गाण्याच्या क्लासला घातलं. तिथे त्याने तोंड उघडलं नाही. मास्तर कमी पडले.

माझी बायको विमला म्हणाली, "करू द्या ना जी तिले टेस्ट. का भेव वाटून राहिलं तुमाले?"

भेव आणि मला? मी टेबलावर थाप मारून सांगितलं, करा. वरणाची वाटी सांडली, पण ठरलं एकदाचं. काढा पास झाला तर आंघोळ सातपाल्याची. नापास झाला तर मी पुन्हा नाव काढायचं नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

भेव वगैरे काही नाही. पण आजोबांना आजवर कोणी परीक्षेला बसवलं नव्हतं.

२४ ऑगस्ट, रविवार

क्षमाने आज सगळी पद्धत समजावली. काचेच्या बशीत खीर थिजावी तसा एक थर असतो. त्यावर जंतू पसरतात. मग कागदाच्या टिकल्या काढ्यात बुडवून त्यावर ठेवतात. काढ्यात दम असेल तर टिकलीभोवती जंतू उगवत नाहीत, स्वच्छ गोल कडं पडतं. कडं जितकं मोठं, तितकं औषध भारी. इथवर मला पटलं.

मग म्हणाली, सोबत एक बाटली साध्या पाण्याची पण लागेल. तिला ते लोक कंट्रोल म्हणतात.

"साध्या पाण्याची काहून परीक्षा?" मी म्हणालो. "पाणी काय करते?"

"तेच तं पाहायचं आहे, बाबा. पाण्यानंही तेच झालं तं मग तुमच्या पाल्याचं काय राहिलं?"

सातपाल्याच्या मांडीला मांडी लावून नळाचं पाणी बसणार. असो.

दुसरी परीक्षा सुरक्षिततेची. प्रयोगशाळेत कातडीच्या पेशी वाढवतात, त्यांच्यावर काढा घालतात आणि दुसऱ्या दिवशी किती जगल्या ते बघतात. मी म्हणालो, त्या पेशी गोऱ्यापान होऊन निघतील. क्षमाने पिशवी उघडली.

निर्जंतुक केलेल्या, गडद तपकिरी काचेच्या चार बाटल्या तिने मला दिल्या. "गरम गरम भरा, झाकण लावा, फ्रिजमध्ये ठेवा. मग झाकण उघडायचं नाही. आणि आत दुसरं काहीच टाकायचं नाही."

मी तिला शांतपणे आठवण करून दिली की मी पस्तीस वर्षं रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरी केली आहे. सील म्हणजे काय, हे मला कोणी सांगू नये.

४ सप्टेंबर, गुरुवार

उद्या पाला तोडायचा म्हणून आज झाडांना आमंत्रण दिलं. ही आजोबांची रीत. आदल्या दिवशी झाडापाशी सुपारी-अक्षता ठेवायच्या, हात जोडायचे आणि म्हणायचं, उद्या तुम्हाला कामासाठी न्यायला येतो, गुण घेऊन या. न विचारता तोडलेला पाला म्हणजे नुसता पालापाचोळा.

सहा झाडांशी काम सुरळीत झालं. कडुनिंबापाशी कॉलनीचा छत्तीसगढी चौकीदार येऊन उभा राहिला.

"का करत हव, बबा?"

"लिंबाले निमंत्रण देऊन राहिलो," मी म्हणालो. "कल आना है इसको."

त्याने झाडाकडे खालून वर पाहिलं. "त लीम ह आही का?"

येईल का, असं विचारत होता. मी म्हणालो, येईल ना, का नाही येणार. त्यावर त्याने अभिनवला फोन केला. संध्याकाळी अभिनवने मला रक्तदाबाची गोळी घेतली का, म्हणून दोनदा विचारलं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

काढा झाला. घरभर तो वास. क्षमा दिवसभर गच्चीत बसून होती. विमला म्हणते, वासाने. मला वाटतं, हवा खायला.

एक छोटी गोष्ट घडली. गाळायला बारीक कापड सापडेना, म्हणून कपाटातलं मलमल घेतलं. ते विमलाने पंडरीच्या कापडबाजारातून बाळाच्या दुपट्यांसाठी आणलेलं होतं, हे मला नंतर कळलं. आता ते हिरवं आहे. धुतलं तरी हिरवं आहे. विमला बोलत नाही.

तीन बाटल्यांत काढा भरला, एक कडक, एक मध्यम, एक पातळ. चौथीत साधं पाणी. म्हटलं, पाणी तर पाणी, पण आपल्या घरचं आहे, तेही खळखळून उकळलं. चारही झाकणं घट्ट लावली. प्रयोगशाळेला शनिवार-रविवार सुट्टी, म्हणून बाटल्या सोमवारपर्यंत फ्रिजमध्ये.

७ सप्टेंबर, रविवार

आज चंद्रग्रहण. विमला आता बोलू लागली आहे, कारण ग्रहणाची कामं एकटीने होत नाहीत.

रविवारी तुळस तोडत नाहीत, म्हणून तिने पानं कालच तोडून वाटीत ठेवली होती. वेध लागायच्या आत खाण्यापिण्याच्या प्रत्येक वस्तूत तुळशीपत्र टाकायचं काम माझ्याकडे आलं. विमलाची सक्त ताकीद होती, "एकही भांडं सुटलं नाही पाहिजे जी. सुटलं तं ग्रहणाचा दोष लागते." मी काम हाती घेतलं की अर्धवट सोडत नाही. माठ, पाण्याचं पिंप, दूध, दही, लोणच्याची बरणी, पीठ. मग फ्रिज उघडला आणि वरच्या खणापासून खालच्या खणापर्यंत झाडून सगळ्याचं झाकण काढून एकेक पान टाकलं. अभिनवची कोल्ड्रिंकची बाटलीसुद्धा सोडली नाही.

ग्रहणात गरोदर बाईने सुरी धरायची नाही. क्षमा म्हणाली, "बरं आहे ना आई, मग स्वयंपाक बाबा करतीन." तिचा या गोष्टींवर विश्वास नाही, पण सोयीपुरता बसतो. वेधाआधी मी खिचडी केली. खाली लागली, पण सगळ्यांनी खाल्ली.

८ सप्टेंबर, सोमवार

बाटल्या क्षमाकडे सोपवल्या. तिने विचारलं, "काही टाकलं तं नाही ना, बाबा?" मी म्हणालो, अजिबात नाही. आधी बाटल्या आतून स्वच्छ आहेत की नाहीत ते बघतील, मग जंतूंशी गाठ घालतील.

११ सप्टेंबर, गुरुवार

विपरीत झालं. बाटल्यांतला एकेक थेंब बशीत घालून ठेवला होता. चारही बशांत उगवलं. मेणासारखे ठिपके आणि वर हिरवट लव. क्षमाने फोटो दाखवला. तिला काढ्याचं नवल नव्हतं. "पण पाण्यातही सेम उगवलं, बाबा. उकळलेल्या पाण्यात. सीलबंद." सेम हा शब्द तिने तीनदा म्हटला.

मला ओशाळल्यासारखं झालं. आमच्या काढ्याने मारायचं सोडून बाग फुलवली.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी तेलीबांधा तलावाला फेरी मारताना नीट विचार केला आणि उलगडा झाला. पाण्याची बाटली सातपाल्याच्या शेजारी तीन रात्री होती. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. सातपाल्याचा गुण काच ओलांडून पाण्यात गेला. नाहीतर साध्या पाण्यात एवढा जोम कुठला?

सोबत गंगाधर होता. हा माझा नोकरीपासूनचा मित्र. त्याची टाच पावसाळ्यात फुटते. त्याला सगळं सांगितलं. तो थांबला, विचारात पडला आणि म्हणाला, "मंग अनंतराव, मले सातपाला नको. त्याचा वास बायको घरात घेऊ देत नाही. मले थे कंट्रोलच दे बाप्पा एक बाटली."

मी घरी येऊन पाणी उकळलं, सातपाल्याच्या बरणीशेजारी ठेवलं आणि दुपारी त्याला नेऊन दिलं.

१३ सप्टेंबर, शनिवार

गंगाधरच्या टाचेला उतार. त्याच्या व्याह्यांनीही कंट्रोल मागितलं आहे. पायावर चोळायचं की प्यायचं, असं विचारत होते.

१४ सप्टेंबर, रविवार

आजचा दिवस लिहायचा की नाही, असा विचार करत होतो. लिहितो.

दुपारी क्षमाने मला समोर बसवून, रेल्वेत अपघाताची चौकशी करतात तशी चौकशी केली. पाणी किती उकळलं, बाटली कुठे ठेवली, कोणी हात लावला. मी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. काही टाकलं का? नाही. झाकण उघडलं का? नाही. मी खोटं बोलत नव्हतो. मला खरोखर तसंच वाटत होतं.

तेवढ्यात अभिनवने फ्रिजमधून कोल्ड्रिंकची बाटली काढली आणि ओरडला, "पापा, इसमें पत्ता क्यों है?"

"तुळशीपत्र आहे ते," मी म्हणालो. "ग्रहणाचं."

क्षमा हळूहळू माझ्याकडे वळली. "बाबा, फ्रिजमधल्या सगळ्या बाटल्यांत टाकलं?"

"एकही सोडली नाही," मी म्हणालो, आणि अजूनही मला अभिमानच वाटत होता.

"माझ्या चार बाटल्यांत?"

मी मनात फ्रिजचा एकेक खण आठवला, चारही बाटल्या त्यात आल्या. ती म्हणाली, "मी सांगितलं होतं ना, काही टाकायचं नाही." मी म्हणालो, "अगं पण तुळशीपत्र म्हणजे टाकणं थोडीच असते. त्यानं तं शुद्ध होते." विमलाने मान डोलावली. या मुद्द्यावर ती माझ्या बाजूने होती.

क्षमा खाली जमिनीवर बसली. मी घाबरलो, म्हटलं, कळा आल्या. पण ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, पोट दोन्ही हातांनी धरून हसत होती. अभिनव एकीकडून आणि मी दुसरीकडून धरून उठवायला गेलो, तर पुन्हा बसली.

संध्याकाळी गंगाधरला फोन केला. त्याला म्हटलं, ते कंट्रोल म्हणजे नुसतं पाणी आहे. तो म्हणाला, "तू कायले सांगितलं बाप्पा? टाच बरी होऊन राहिली होती."

१८ सप्टेंबर, गुरुवार

या वेळी काढा प्रयोगशाळेतच केला. पाला मी नेला, निमंत्रण देऊनच. क्षमाची सहकारी राधिका हिने मला पांढरा कोट दिला, तो मी उलटा घातला. तिने बटणं पाठीमागे लावून दिली. चांगली मुलगी आहे. चार नव्या बाटल्या भरल्या. राधिकाने त्या कुलूप लावायच्या कपाटात ठेवल्या आणि माझ्याकडे बघत कुलूप लावलं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

निकाल लागला. क्षमाने घरी येऊन, हातपाय धुऊन, मला चहा करून दिला आणि मगच सांगितलं. चहात साखर जास्त होती, तेव्हाच मी समजलो.

एका जंतूवर सातपाल्याचं कडं पडलं. लहानसं, पण पडलं. दुसऱ्या जंतूने ढुंकूनही पाहिलं नाही. साध्या पाण्याचं कडं नाही, ते नसायलाच हवं होतं. बाटल्या या वेळी आतून स्वच्छ निघाल्या.

"मंग? गुण आहे ना?" मी विचारलं.

"थोडा आहे, बाबा." मग तिने कातडीच्या पेशींचं सांगितलं. कडक काढ्यात दुसऱ्या दिवशी एकही जगली नव्हती. मध्यममध्ये बऱ्याच मेल्या. पातळमध्ये जगल्या, पण त्यात जंतूही सुखाने जगले. ती म्हणाली, जंतू मरायच्या आधी कातडी मरते. सीताफळाच्या पाल्यावर तिचा संशय आहे.

मी म्हणालो, "पण अभिनव? चार वर्षं रोज न्हायला तो."

अभिनव दारात उभा होता. त्याने मोबाइल खिशात ठेवला. मग माझा मुलगा कित्येक वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलला.

"बाबा, ते खूप जळायचं."

"मग तू सांगितलं काहून नाही?"

"सांगत तं होतो. रोज. तुम्ही मले गाण्याच्या क्लासले टाकलं."

विमलाचा पदर तोंडाशी गेला आणि ती हसू लागली, क्षमाही. अभिनव पण हसला. मीही हसलो, पण मला हसू येत नव्हतं. मला वाईट वाटत होतं, अगदी साधं, लहान मुलासारखं वाईट.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सातपाल्याची बरणी माळ्यावर ठेवली. शब्द दिला होता, नाव काढणार नाही. दिवसभर कोणी माझ्यापाशी औषधाचा विषय काढला नाही. विमलाने दिवाणावरची चादर बदलली, तीसुद्धा न बोलता. घरात कोणी गेलं की असं वागतात.

संध्याकाळी क्षमा शेजारी येऊन बसली. म्हणाली, "लोक चूर्ण, काढे घेऊन येतात आमच्याकडे. टेस्टचं नाव घेतलं की भांडतात, बाटली उचलून चालले जातात. तुम्ही दोनदा करू दिली." मी म्हणालो, पहिल्यांदा तर मीच बिघडवली. ती म्हणाली, "हव. पण तिसऱ्यांदाही आले असते तुम्ही."

आलो असतो, हे खरं आहे.

३० सप्टेंबर, मंगळवार

मुलगी झाली. दोघी सुखरूप. विमलासारखं नाक आहे. बाकी काही लिहवत नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

नाळ पडेपर्यंत न्हाऊ घालू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती पडली. आज पहिली आंघोळ.

मी सकाळपासून बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलो होतो. पेपर कालचा होता. आतून क्षमाने हाक मारली. "बाबा, पाणी कोण करून राहिलं?"

विमला म्हणाली, "मी ठेवते ना."

"नाही आई. बाबाच करतीन. घराण्याची रीत आहे ना, पहिल्या आंघोळीचं पाणी बाबाच करतात." मग मला म्हणाली, "बाबा, कंट्रोल आणा."

मी उठलो. मोठं पातेलं घासलं, पुन्हा घासलं. पाणी भरलं, खळखळून उकळलं. वाफ वर येऊ लागली तसे हात आपोआप पाल्याच्या टोपलीकडे जायला लागले. टोपली रिकामी होती, तरी गेले. ओट्याच्या खिडकीतून तुळशीवृंदावन दिसतं. आज शनिवार, तुळस तोडायला हरकत नव्हती. मी खिडकी लावून घेतली. पाणी कोमट होईपर्यंत हात मागे बांधून पातेल्यापाशी उभा राहिलो आणि त्यात काही टाकलं नाही. आयुष्यात इतकं अवघड औषध मी कधी केलं नव्हतं.

पाणी आत दिलं. क्षमाने कोपर बुडवून पाहिलं आणि मान हलवली. अभिनवने पोट्टीला धरलं, विमलाने पहिला तांब्या घातला.

आणि पोट्टीने सा लावला. असा वरचा, असा खणखणीत की समोरच्या घरातल्या विजयाताई खिडकीत आल्या. अभिनव लहानपणी लावायचा, अगदी तोच. तोही वळून माझ्याकडे बघायला लागला. साधं पाणी, उकळलेलं, गाळलेलं, कशाचा म्हणजे कशाचा त्यात अंश नाही.

विमला म्हणाली, "अभिनव पाल्यानं नव्हता रडत तं मग जी."

क्षमाने पोट्टीला हिरव्या दुपट्यात गुंडाळलं आणि माझा चेहरा पाहून आधीच बोट दाखवलं. "नाही बाबा. दोन लेकरांवरून निष्कर्ष काढत नसतात."

बरोबर आहे तिचं. मी काढला. या वेळी गाण्याचे मास्तर चांगले बघायचे.